आतलं पाणी

कॅमेऱ्याच्या लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला आणि पुढच्या काचेतून एक डोळा मिटून आत बघितलं. कडेला जाळं धरलं होतं. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, पांढरट, रोपाच्या मुळांना तंतू फुटावेत तसं. फडक्याने पुसलं, जागचं हललं नाही. पुन्हा पुसलं. मग कळलं की ते दोन काचांच्या मध्ये आहे आणि तिथवर माझं फडकं कधीच पोचणार नाही. बुरशी.

मला बुरशीपेक्षा कॅमेऱ्याच्या बॅगेचा जास्त राग आला, आणि तोही विचित्र कारणाने. त्या बॅगेने तिचं काम चोख केलं होतं. तीन दिवस पाऊस झोडपत असताना ती माझ्या पाठीवर होती आणि बाहेरचा एक थेंब तिने आत येऊ दिला नव्हता. घरी आल्यावर मी तिच्यावरून कौतुकाने हात फिरवला, होती तशी उचलून कपाटावर ठेवली आणि पाच आठवड्यांनी उघडली.

ही बॅग माझ्याकडे आली तीही एका फजितीनंतरच. आधीची बॅग चारचौघींसारखी होती: कप्पे भरपूर, कापड बरं, आणि तळाच्या खिशात घडी करून ठेवलेलं रेनकव्हर. पाऊस आला की कव्हर ओढायचं, एवढंच माझं पावसाबद्दलचं धोरण. रेनकव्हर ही बॅगेची टोपी असते, रेनकोट नव्हे, हे मला चार तास पावसात चालल्यावर समजलं. कव्हर बॅगेची बाहेरची बाजू झाकतं. आपल्या पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते, कारण पट्टे तिथूनच निघतात. पाणी मानेवरून उतरतं, शर्टावरून ओघळतं, बॅगेच्या पाठीला लावलेल्या जाळीदार गादीत मुरतं आणि तिथून सावकाश खाली सरकत कव्हरच्या तळाशी जमा होतं. कव्हर वॉटरप्रूफ असल्यामुळे तिथून ते बाहेरही जात नाही. काही कव्हरांना तळाशी निचऱ्यासाठी एक भोक ठेवलेलं असतं. दुकानात मला ते भोक दिसलं असतं तर मी सदोष माल म्हणून परत केलं असतं. माझ्या कव्हरला ते नव्हतं. बॅग खाली ठेवून कव्हर सोडलं तेव्हा आत पेलाभर पाणी डुचमळत होतं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातला फ्लॅश त्यात बसला होता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. आता घ्यायची ती पक्की वॉटरप्रूफ. पक्की म्हणजे काय, हे विचारायला लागल्यावर मात्र लेबलं वाचावी लागली, आणि लेबलं हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. वॉटरप्रूफ, वॉटर रेझिस्टंट आणि वॉटर रिपेलंट हे तिन्ही शब्द सारख्याच टपोऱ्या अक्षरांत छापतात. रिपेलंट म्हणजे कापडावर एक लेप दिलेला असतो आणि थेंब त्यावरून मोत्यासारखे घरंगळतात. नवी असताना बॅग फार देखणी दिसते. पण मळ बसला, पट्ट्यांनी घासलं, दोनचारदा धुतलं की मोती पसरट होतात आणि एक दिवस कापड गुमान पाणी प्यायला लागतं.

त्यानंतर येतो डेनिअर. 420 डेनिअर, 840 डेनिअर असे आकडे वाचून छाती दडपते, पण तो फक्त धाग्याच्या जाडीचा हिशेब आहे: 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. काट्याकुट्यात, खडकावर घासून कापड टिकेल का, याचा अंदाज त्यावरून येतो. पाण्याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. पाण्याचा आकडा वेगळा आणि तो मिलिमीटरमध्ये असतो. कापड ताणून धरायचं, त्यावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि पलीकडून थेंब डोकावले की दाब मोजायचा. 1500 मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वर उभा असेपर्यंत कापड तग धरतं. दीड मीटर ऐकायला पुष्कळ वाटतं. पाऊस काही एवढा दाब देत नाही. आपण देतो. समजा चार किलोची भरलेली बॅग ओल्या खडकावर ठेवली आणि तिचा सगळा भार तळाच्या 20 चौरस सेंटिमीटरच्या उंचवट्यावर आला. दर चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅम. हा दाब 2000 मिलिमीटर पाण्याएवढा झाला. जे कापड पावसात कोरडं राहिलं असतं, ते नुसतं खाली ठेवल्यामुळे पाझरू शकतं. पट्ट्यांखाली, कमरेपाशी, गुडघ्याने बॅग दाबून धरतो तिथे, सगळीकडे हीच गोष्ट.

कापडाचं एक वेळ ठीक आहे, शिवणीचं काय? शिवण म्हणजे सुईने केलेली भोकांची रांग. उत्तम कापड घेऊन त्याला हजारभर भोकं पाडायची आणि मग ती आतून टेप लावून बुजवायची, असा हा उद्योग. टेप चांगली असेल तोवर चालतो. जुन्या बॅगा आतून उलट्या करून बघा. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप आणि त्यावरची टेप वर्षानुवर्षं दमट हवेत राहिली की विरघळल्यासारखी चिकट होते, आंबूस वास मारते, आणि उन्हाने सोललेल्या कातडीसारखे तिचे पापुद्रे निघतात. न वापरता ठेवून दिली तरी हे होतं. म्हणून मी शेवटी वेल्ड केलेलीच बॅग घ्यायची ठरवली. त्यात सुई नाहीच. टीपीयू किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचा थर दिलेले दोन तुकडे उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडतात. दोन्हींत मला टीपीयू बरं वाटतं. पीव्हीसी स्वस्त पडतं पण थंडीत पत्र्यासारखं ताठ होतं, आणि गारठलेल्या बोटांनी त्याची घडी घालणं म्हणजे शिक्षा.

शेवटी आयपीचे आकडे, म्हणजे वस्तू धूळ आणि पाणी किती अडवते याचं मोजमाप. आयईसी 60529 या आंतरराष्ट्रीय मानकात ते ठरवून दिलेले आहेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि जिथे चाचणीचा निकाल सांगितलेला नाही तिथे एक्स. आयपीएक्स 6 म्हणजे चारी बाजूंनी मारलेल्या जोरदार फवाऱ्यात टिकणारं; त्या चाचणीत मिनिटाला 100 लिटर पाण्याचा झोत मारतात. आयपीएक्स 7 म्हणजे 1 मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात 30 मिनिटं. मोठा आकडा अधिक चांगला असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. 7 मिळवलेली वस्तू 6 च्या झोतात टिकेलच असं हे मानक म्हणत नाही. बुडणं वेगळं आणि मार खाणं वेगळं. होडीच्या नाकावर बसलेल्या माणसाला लाटेचा जो सपकारा बसतो, त्याला स्थिर पाण्याची परीक्षा फारशी उपयोगाची नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तर असा आकडा मिळणंही दुर्मीळ. बहुतेक कंपन्या ‘वेदर सील्ड’ असं मोघम म्हणून मोकळ्या होतात. ओएम सिस्टिम या कंपनीच्या ओएम-1 कॅमेऱ्याने 2022 मध्ये आयपी 53 असा आकडा दिला, तो कौतुकाचा विषय झाला. त्यातल्या 3 चा अर्थ तिरक्या पडणाऱ्या पावसाएवढे तुषार, यापुढे काही नाही.

हे सगळं वाचून, तोलूनमापून मी बॅग घेतली. पण एक गोष्ट कुठल्याच लेबलावर लिहिलेली नव्हती आणि मलाही सुचली नाही. हे सगळे आकडे बंद बॅगेचे असतात. बंद बॅगेतून कुणी फोटो काढत नाही.

चेन की घडी, हा प्रश्न म्हणूनच मला आता सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या चेनांमध्ये दोन जाती आहेत आणि त्या लांबून सारख्याच दिसतात. एकीच्या दातांवर बाहेरून चकचकीत पातळ पट्टी असते. पावसाचे शिंतोडे ती अडवते, पण दोन पट्ट्यांच्या मधल्या बारीक फटीतून पाणी जाणारच. चेन बनवणाऱ्या वायकेके कंपनीची ॲक्वागार्ड या जातीची, आणि खुद्द कंपनीही तिला वॉटरप्रूफ म्हणत नाही. दुसरी जात पाणबुड्यांच्या ड्रायसूटला, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाला, लावतात ती, टायझिपसारखी. ती बंद करायला अंगात जोर लागतो. शेवटच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात सरकपट्टी पूर्ण रुतली तरच ती हवाबंद होते. दोन मिलिमीटर अलीकडे राहिली तर सगळं मुसळ केरात. शिवाय तिला अधूनमधून ग्रीस लागतं. वाळूचा एक कण दातांत अडकला की सरकपट्टी रुसते, आणि जोर लावावा तर पट्टी फाटायची भीती.

घडीची, म्हणजे रोलटॉपची बॅग, यापुढे अगदीच अडाणी. पिशवीचं तोंड जुळवायचं, किमान तीन घड्या गुंडाळायच्या, दोन्ही टोकं वाकवून बकल लावायचं. बिघडायला काही नाहीच. घड्या सरळ पडल्या नाहीत, मधे सुरकुती राहिली, तर त्या सुरकुतीतून पाण्याला वाट मिळते, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. पण रोलटॉपचा खरा दोष तोंडाच्या दिशेत आहे. ते उघडतं आभाळाकडे. पावसात ती बॅग उघडणं म्हणजे बादली पागोळीखाली धरणं. समोर क्षणभर ऊन-पावसाचा खेळ चालला आहे, बकल सोडा, तीन घड्या उलगडा, आतल्या गादीच्या डब्याचं झाकण काढा, आणि तेवढ्यात डोक्यावरून पाणी नाकावर येऊन बरोबर त्या डब्यात टपकतं. मी वाकून, स्वतःच्या पाठीची छत्री करून बॅग उघडायला शिकले. लांबून बघणाऱ्याला मी शाळेतल्या शिक्षेसारखी अंगठे धरून उभी आहे असं वाटत असेल.

टणक पेट्यांचाही विचार झाला. पेलिकन कंपनी 1976 मध्ये निघाली, आणि तिच्या पेट्यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. झाकणाच्या कडेने रबराची ओ-रिंग, आणि एक छोटी झडप, जी हवेला जाऊ देते पण पाण्याला नाही. ती झडप नसती तर उंचावर बंद केलेली पेटी खाली आल्यावर बाहेरच्या दाबाने अशी चिकटली असती की उघडता उघडत नाही. गाडीच्या डिकीत किंवा मोठ्या बोटीवर टाकायला याहून चांगलं काही नसेल. पण मध्यम आकाराची पेटी रिकामीसुद्धा चांगलीच जड भरते. ती घेऊन डोंगर चढणारी माणसं आहेत; मी त्यातली नाही.

तर रोलटॉप आली. पहिल्यांदा तिला घेऊन होडीत बसायला गेले तेव्हा नावाड्याने आधी बॅगेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, ती पाठीवर अडकवलीय ती काढा.”

मी म्हटलं, “काका, वॉटरप्रूफ आहे ती. काळजी नाही.”

“तिची नाही म्हणत मी. उलटलीच होडी, तर आधी तुम्ही वर यायचं. बॅग मागनं येईल सावकाश.” त्याने ती घेतली, एका दोरीने होडीच्या आडव्या फळीला बांधली, आणि हाताने चेपून बघितली. “हवा सगळी काढून टाकलीत. जराशी राहू द्यायची. तरंगायला नको का?”

घरी येऊन मी हे टबात करून पाहिलं. कॅमेऱ्याच्या जागी पाण्याने भरलेल्या बाटल्या घातल्या. चार किलो वजन तरंगायला चार लिटरहून थोडं जास्त पाणी बाजूला सरायला हवं, आणि बॅग 20 लिटरची. ती बुडायला तयारच नव्हती. हाताने खाली दाबली तर उसळून वर यायची. मात्र ती उभी तरंगत नव्हती. कुशीवर वळायची आणि गुंडाळलेलं तोंड बरोबर पाण्याच्या रेषेवर येऊन टेकायचं. दहा मिनिटांनी, आत चार कोपऱ्यांत आधीच ठेवलेले टिश्यू पेपर काढले. तीन कडकडीत कोरडे, तोंडाजवळच्या एकाचा कोपरा नखाएवढा ओलसर. म्हणजे होडीतून पडली आणि लगेच काढली तर ठीक, तासभर वाहत गेली तर देव जाणे. तेव्हापासून दर वर्षी एकदा ही परीक्षा होते. बॅगेत हवा भरून, तोंड बंद करून, पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात तेही बघते, सायकलची ट्यूब बघतात तसं.

एवढं सगळं करणारी बाई लेन्सला बुरशी लागू देते, ही गोष्ट मला कितीतरी दिवस पटत नव्हती. आधी मी दोष हवेला दिला. दमट हवा बॅगेत कोंडली गेली, थंडावली, तिचं पाणी झालं, वगैरे. मग एकदा कागद घेऊन हिशेबच मांडला. 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, 20 अंशांना साधारण 17 ग्रॅम. माझी बॅग म्हणजे घनमीटरचा पन्नासावा भाग. पूर्ण दमट हवा भरून बंद केली आणि रात्री दहा अंशांनी गार झाली, तरी पाव ग्रॅम पाणी सुटणार. पाच थेंब. सामानाने व्यापलेली जागा वजा केली तर त्याहूनही कमी. पाच थेंबांनीही काचेवर धुकं धरतं, पण पाच आठवडे बुरशीला पोसायचं म्हणजे आणखी पाणी कुठून तरी यायला हवं.

मग त्या दिवशी बॅगेत काय काय होतं ते आठवून बघितलं. कॅमेरा पुसायचं फडकं होतं. आणि कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा, रुंद, कापडी, मऊ अस्तराचा. तीन दिवस तो माझ्या मानेवर भिजला होता आणि कॅमेऱ्याभोवती गुंडाळून मी तो रोज प्रेमाने आत ठेवत होते. फडकं वजनकाट्यावर ठेवलं: कोरडं 22 ग्रॅम. भिजवून, घट्ट पिळून पुन्हा ठेवलं: 46. म्हणजे पिळलेल्या, हाताला जेमतेम ओलसर लागणाऱ्या एका फडक्यात 24 ग्रॅम पाणी, पाचशे थेंबांच्या आसपास. पट्ट्याचं वजन करायचा मला धीर झाला नाही.

आत सिलिका जेलच्या पुड्या होत्या की! होत्या, दोन. पाच ग्रॅमची पुडी अगदी ताजी असली तरी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी पिते. माझ्या पुड्या दोन वर्षं बॅगेत पडून होत्या, म्हणजे त्यांचं पोट कधीच भरलेलं. रंग बदलणारे मणी असते तर निदान दिसलं तरी असतं.

लेन्सच्या आत ते पाणी गेलं कसं, याचंही उत्तर साधं आहे. झूम लेन्स पुढेमागे होते तेव्हा आतली जागा वाढते आणि घटते, म्हणजे ती हवा आत घेते आणि सोडते. श्वासच म्हणा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला, हवा हलत नसली, की बुरशीला काचेवरची धूळ आणि बोटांचं तेल एवढंही पुरतं. वर काही बुरशी आम्ल सोडतात आणि काचेचा लेप खातात, म्हणून लेन्स उघडून पुसून घेतली तरी जाळ्याची खूण उरू शकते. साध्या कापडी बॅगेत ती ओल दोन दिवसांत उडून गेली असती. माझ्या बॅगेच्या वेल्ड केलेल्या शिवणींनी, तीन घड्यांनी आणि टीपीयूच्या थराने तिला इमानेइतबारे पाच आठवडे सांभाळलं.

याच हवाबंदपणाचा एक फायदा मात्र नंतर कळला. बाहेर कडाक्याची थंडी असते, कॅमेरा गारठलेला असतो, आणि आपण उबदार खोलीत शिरतो. तेव्हा बॅग उघडायची नाही. दव बॅगेच्या बाहेरच्या अंगावर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. दोनेक तासांनी आतलं सामान खोलीइतकं उबदार झालं की मग उघडायचं. एसी खोलीतून दमट हवेत जातानाही तेच. फक्त तेवढा वेळ हात आवरायला हवा, आणि समोर काहीतरी घडत असताना तो आवरत नाही.

आता बॅग निवडायचीय म्हणून कुणी विचारलं की मी आधी त्यांनाच विचारते: फोटो काढून झाल्यावर ओलं फडकं कुठे ठेवता? लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. त्यांना आकडे हवे असतात. आकडे मी सांगतेच, शिवाय बाहेरून भडक रंगाची घ्या म्हणजे पाण्यात दिसेल, आतून फिक्या रंगाची घ्या म्हणजे काळी टोपणं हरवणार नाहीत, असंही सांगते. पण आतली बाजू काळी असली तर मी एक वेळ चालवून घेईन, बाहेर ओल्या वस्तूंसाठी वेगळी जाळीची पिशवी नसेल तर नाही. ओला पट्टा तर मी आता कॅमेऱ्यापासून सोडवूनच ठेवते. त्याच्या छोट्या खटक्यांवर मी आधी नाक मुरडायचे.

समुद्रावरून आलं की बॅग उघडण्याआधी तिचं तोंड गोड्या पाण्याने धुते, नाहीतर घडीतली खारट वाळू उलगडताना आत सांडते. मग सगळं सामान बाहेर. गादीचा डबाही बाहेर, कारण फोम आतल्या आत किती पाणी धरून बसतो हे हाताला कळत नाही. बॅग उलटी करून, तोंडात एक काठी आडवी घालून दोरीवर टांगते. दोन दिवस ती तशी आ वासून लटकते, आणि येणारा-जाणारा विचारतो की हे काय आहे.

ती लेन्स दुरुस्त करून घेतली नाही. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला तर चित्रावर एक हलका पांढुरका पदर येतो, एरवी फारसं कळत नाही. तिला बाकीच्या लेन्सांबरोबर एका पेटीत ठेवत नाही, ती उघड्या फळीवर हवेशीर राहते. आणि तिच्यात गमावण्यासारखं फार उरलं नसल्यामुळे, पावसात बॅग उघडू की नको असं माझं चाललेलं असतं तेव्हा ती बॅगेत नसतेच. ती सकाळपासून गळ्यात असते.